मांजराला दार कशाला?

१

लावता पैज? गोष्ट सांगतो. अर्ध्यावर आली की मला थांबवा आणि शेवट ओळखून दाखवा. बरोबर आला तर आजचा चहा माझा, चुकला तर तुमचा. या बाकावर बसून मी आजवर खिशात हात घातलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागं एक वकील बसला होता, तुमच्याच जागेवर. म्हणाला, "आजोबा, असल्या गोष्टींचे शेवट दोनच. एक तर भूत निघतं, नाही तर स्वप्न." म्हटलं, वकीलसाहेब, दोन्ही नाही. चहा सांगा.

मी रंगारी. भिंती रंगवण्यात जन्म गेला. शाळेत गेलो तो शाळा रंगवायलाच. सही येते, पण दर वेळी वेगळी येते. एक कला मात्र अंगात आहे. नकला. कुणाचाही आवाज काढायचो. ज्या घरी काम लागायचं तिथल्या मालकाचा आवाज आधी उचलायचो आणि शिडीवरूनच आत हाक मारायचो, "अगं, त्या रंगाऱ्याला चहा दे जरा, साखर पुढं घालून!" चहा यायचा. संध्याकाळी बिचाऱ्या मालकाला बोलणी बसायची, की बायकोला कधी असं प्रेमानं विचारलंत का?

फक्त एक खोड आहे माझ्या नकलेत. म्हाताऱ्या गळ्यातून तरुण आवाज काढायचा तर आधी खाकरावं लागतं. ख्हं. असं. मग आवाज निघतो. ही खोड लक्षात ठेवा. चहाचे पैसे वाचवायचे असतील तर.

२

आमचं घर लहान. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला अडगळीची खोली. घरात माणसं तीन. मी, आमचे चिरंजीव आणि सूनबाई. सूनबाई दवाखान्यात नर्स आहे, सकाळी जाते ती दिवे लागताना येते. चिरंजीव ऑफिसात. काम काय, तर लोकांच्या तक्रारी वाचायच्या. कुणाचं यंत्र बिघडलं, कुणाचं सामान पोचलं नाही. वाचायची आणि ज्याची त्याच्याकडं ढकलायची. इतक्या तक्रारी वाचल्या त्यानं, की स्वतःची एखादी असू शकते हेच विसरला.

मग ऑफिसनं इमारत सोडली. घरी बसा, घरूनच करा, म्हणाले. मी म्हटलं, वा, सुटला पोरगा! अडगळीच्या खोलीतून माझी शिडी, डबे, ब्रश बाहेर काढले, भिंतींना हलका हिरवा हात मारला, टेबल लावलं. खोलीला खिडकी नाही. दार बाहेर उघडणारं, आणि कडीही बाहेरूनच, कारण अडगळीला आतून कडी कोण लावतो? दाराची फळी फुगलेली. नुसतं लोटलं की कुरकुरत परत उघडायचं, आणि घरातले सगळे आवाज आत. एकदा साहेबांनी विचारलं, "मागं काय चाललंय, लग्न आहे का?" तेव्हापासून ठरून गेलं. कामाला बसताना तो म्हणायचा, "बाबा, कडी लावा." उठायचं असलं की आतून, "बाबा, कडी काढा." मी बोळात खुर्ची टाकून बसलेलाच असायचो.

हसा, हसा. कमावत्या पोराला रोज बाहेरून कडी घालणारा बाप पाहिला नसेल तुम्ही.

पण आम्हा दोघांना त्याची सवय जुनी. तो एवढासा होता तेव्हा मोरीत गेला की मी बाहेरून दार धरून ठेवायचो. तो आतून ओरडायचा, "बाबा, दार उघडा!" मी विचारायचो, "कोण आहे?" तो म्हणायचा, "मांजर." "मांजराला दार कशाला? खिडकीतून जा." मग तो आतून म्याँव करायचा आणि दोघं हसून लोळायचो. त्याची आई कपाळाला हात लावायची. ती गेली त्यानंतर हा खेळ कधी झाला नाही. घरात तिसऱ्या कुणाला तो ठाऊकही नव्हता.

३

आता त्या ऑफिसची रीत ऐका. कुणीतरी शिकलेल्या बाईनं त्यांना सांगितलं, की घरी बसून माणसं एकटी पडतात, त्यांची मनं आजारी होतात. खरंच होतं ते. पण त्यावर औषध काय काढलं? दिवसभर सगळ्यांची लाइन चालूच ठेवायची. चित्र नाही, नुसता आवाज, तोही लॅपटॉपातून मोठ्यानं; कानाला लावायचं एक यंत्र होतं, पण ते पोरगा क्वचितच लावायचा. सगळे एकमेकांना ऐकू येणार, म्हणजे एकटं कुणाला वाटणार नाही. आणि मधेच केव्हाही साहेब हाक मारणार. नावानं नाही, टेबलाच्या नंबरानं. टेबलं कधीच विकून टाकली होती, पण नंबर राहिले होते. आमचे चिरंजीव म्हणजे टेबल नऊ.

"टेबल नऊ?"

"आहे सर. बघतो सर."

हाकेला लगेच ओ दिली नाही, तर दिवस गैरहजर. साहेबाचं नाव मी गोडबोल्या ठेवलं होतं. काय मधाळ बोलायचा हो! "काय मंडळी, छान ना सगळं? दमत नाही ना कुणी? मग हे एवढं आजच करून टाकू."

पोरगा वाळत चालला. जेवताना घास हातात धरून बसायचा. मोरीत जायलाही घाबरायचा, मधेच हाक आली तर? झोपेत "आहे सर" म्हणून उठून बसायचा. आठवड्याला एकदा त्या लॅपटॉपवर पाच चेहरे यायचे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. आज तुमचं मन कसं आहे, त्यावर बोट ठेवा. याच्या डोळ्यांत पाणी, आणि बोट हसऱ्यावर.

म्हटलं, "अरे, रडका तो पलीकडचा."

"माहितीय, बाबा. रडक्यावर ठेवलं की त्याची वेगळी मीटिंग लावतात."

सूनबाई म्हणायची, "सोड ही नोकरी. माझ्या पगारात भागेल. वॉर्डात तुझ्या वयाचे लोक येतात आणि आम्ही त्यांच्या तोंडावर चादर ओढतो." तो म्हणायचा, "बघतो."

४

एका दुपारी कडी काढून मी त्याला पाणी द्यायला गेलो, तर हा टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेला. तेवढ्यात हाक आली.

"टेबल नऊ?"

मला काय सुचलं ठाऊक आहे? वाकलो, खाकरलो, आणि त्याच्या आवाजात म्हटलं, "ख्हं. आहे सर. बघतो सर."

"छान," गोडबोल्या म्हणाला.

तोंडात पदर कोंबून हसतात ना, तसा मी खांद्यावरचा पंचा कोंबून हसलो. पोराला उठवून सांगितलं तर तोही हसला. किती दिवसांनी! त्यानंतर आमची युतीच झाली. दुपारी तो बाहेरच्या खोलीत पलंगावर घटकाभर पडायचा आणि मी आत टेबल नऊ व्हायचो. काम विचारलं तर "बघतो सर." त्या ऑफिसात दुसरं काही बोलावंच लागत नाही. इतकी सोपी नक्कल मी जन्मात केली नव्हती.

असंच एकदा तो पलंगावर घोरत होता. माझ्या दाढेत काहीतरी अडकलं म्हणून मी चूळ भरायला बोळातल्या बेसिनपाशी आलो. तोंड पाण्यानं गच्च भरलेलं. आतून हाक आली.

"टेबल नऊ?"

आता गिळू की थुंकू? आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागं, त्या रिकाम्या खोलीतून, सावकाश उत्तर आलं.

"ख्हं. आहे सर. बघतो सर."

पाणी माझ्या नरड्यात गेलं. ठसका लागला. ठसका लागला म्हणजे मी बोललो नव्हतो. पलंगाकडं पाहिलं. चिरंजीव तोंड उघडं टाकून घोरत होते.

खोलीत गेलो. खुर्ची, टेबल, लॅपटॉप, बारका पंखा. कुणी नाही. पण आयुष्यभर मी खोल्या रिकाम्या करून रंगवल्या आहेत. रिकाम्या खोलीत साधं पाऊल टाकलं तरी घुमतं. माणूस बसलेला असला की घुमत नाही. मी पाऊल आपटलं.

घुमलं नाही.

५

तुम्ही काय म्हणणार ते मला कळतं. मीही तेच म्हटलं. लॅपटॉपात काहीतरी असेल, आवाज साठवून परत सोडणारं. पोराला विचारलं. तो म्हणाला, "असतं तसं, बाबा. पण आमचं ऑफिस साधी खुर्ची देत नाही, ते कुठलं देणार?"

"आणि असलं तर तुझा आवाज साठवेल ना?" मी म्हटलं. "हे तर खाकरून बोललं. तू कुठं खाकरतोस? खाकरतो मी."

म्हणजे बघा. त्याची नक्कल मी केली, आणि माझ्या नकलेची नक्कल कुणीतरी केली. खोडीसकट.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही बाहेर थांबलो. लॅपटॉप आत चालू, दार बंद, कडी लावलेली. बोळात भिंतीला पाठ लावून बापलेक उभे, चोरांसारखे. गोडबोल्याचा आवाज फळीतून बारीक येत होता. टेबल दोन झालं. टेबल सात झालं.

"टेबल नऊ? कालच्या तक्रारी राहिल्यात का काही?"

"ख्हं. झाल्या सर. पाठवल्या सर."

चिरंजीवाचा चेहरा पांढराफटक. कडी काढून तो आत धावला, खटाखट बटणं दाबली, पडद्यावर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "खरंच पाठवल्यात, बाबा. सगळ्या. बरोबर खात्यांना."

मला वाटलं आता हा किंचाळेल, निदान देव तरी आठवेल. पण त्यानं काय केलं? खाली फरशीवर बसला, भिंतीला डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा मला म्हणाला, "बाबा, मग मी झोपू?"

काय सांगणार होतो त्याला? झोप म्हटलं.

झोपला. दिवसचे दिवस झोपला. कडी लावलेली असायची, आत काम होत असायचं, आणि माझा पोरगा बाहेर माणसात असायचा. दाढी करायला लागला. माझ्याशी पत्ते खेळला, आणि मी लबाडी केली तर धरलीसुद्धा. सूनबाई कामावरून आली की दोघं पाय मोकळे करायला जायची. तिला आम्ही सांगितलं, कामाचा भार कमी झालाय. ती म्हणाली, "बघा, देव आहे."

खरं सांगू? मलाही वाटलं, असेना का आत काही. राबतंय बिचारं. खायला मागत नाही, प्यायला मागत नाही.

फुकट राबणारा मिळाला की माणूस तो कोण, कुठला, हे विचारत नाही हो.

६

एका रात्री जेवताना सूनबाई म्हणाली, "मीठ दे जरा."

चिरंजीव म्हणाला, "ख्हं. देतो."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सूनबाई हसली. "बाबा, तुमची खोड लागली बघा याला."

मी हसलो नाही. मी पोराकडं पाहिलं. तोही माझ्याकडंच पाहत होता, आणि त्याचा हात गळ्यावर होता.

नंतर मला एकट्याला गाठून म्हणाला, "बाबा, मी खाकरत नाही. ते आपोआप येतं. आणि दुसरंच काहीतरी होतंय. मी बोलायला तोंड उघडतो, आणि वाटतं, हे माझं बोलून झालंय. कुणीतरी आधीच बोललंय. मग माझ्याकडं बोलायला उरतच नाही."

"उद्याच्या उद्या नोकरी सोड," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "ऐकलंस? बघतो म्हणायचं नाही. सोडायची."

"सोडतो," तो म्हणाला. अडखळला, पण खाकरला नाही. "मी स्वतः लाइनवर जाऊन सांगतो. माझ्या तोंडानं. मी बोललो ना, की संपेल ते."

थांबवता का मला आता? सांगा शेवट. भूत-स्वप्न सोडून वकील इथं म्हणाला होता, "पोरगा नोकरी सोडतो आणि आवाज बंद होतो." चांगला माणूस होता. चहा चांगला पाजला त्यानं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारचं लख्ख ऊन होतं. सूनबाई दवाखान्यात. चिरंजीव अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बोळातून गेला. दारात थांबला.

"बाबा, कडी लावा."

"आज नको रे. राहू दे उघडं."

"शेजारच्या काकूंचा मिक्सर सुरू होईल. एकदाच बोलणार आहे, नीट ऐकू जाऊ दे. लावा."

मी लावली. या हातानं. खुर्चीवर बसलो, कान फळीला लावून.

थोडा वेळ टेबलांच्या हाका झाल्या. मग पोराचा आवाज आला. त्याचा. थोडा कापरा.

"सर, टेबल नऊ. मला बोलायचंय. सर, माझ्याच्यानं होत नाही. मी थांबतोय."

आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर चढून, त्याच खोलीतून, अगदी शांत आवाजात:

"ख्हं. काही नाही सर. आहे सर."

"नाही सर, ऐका ना, मी..."

"ख्हं. बघतो सर."

"छान," गोडबोल्या म्हणाला. "टेबल दहा?"

मग काही नाही. पंख्याची घरघर तेवढी. मी उठलो. कडीला हात घालणार, तर माझ्या मागं, बोळाच्या दुसऱ्या टोकाला, मोरीत नळ सुरू झाला. घरात तर कुणी नव्हतं. म्हटलं, सूनबाई लवकर आली असेल. म्हटलं, मी नळ उघडा ठेवला असेन, पाणी आत्ता आलं असेल. म्हातारा माणूस किती कारणं शोधतो बघा.

आतून फळीवर बारीक टकटक झाली.

"बाबा, दार उघडा."

खाकरणं नाही. काही नाही. पण ते कडी काढा म्हणालं नव्हतं, दार उघडा म्हणालं होतं. असं तो मोरीतून म्हणायचा, एवढासा असताना. माझ्या तोंडून आपसूक निघालं.

"कोण आहे?"

आतून, "मांजर."

माझे डोळे भरून आले. हसायलाही येत होतं. म्हटलं, "मांजराला दार कशाला? खिडकीतून जा."

आणि आतून हळूच, अगदी फळीला ओठ लावल्यासारखं आलं,

"खिडकी नाही हो बाबा इथं."

मी कडीला हात घातला.

"ख्हं. उघडू नका, बाबा."

मागं वळलो. मोरीच्या दारात चिरंजीव उभा होता. तोच धुतलेला सदरा. तोंड धुतलेलं, केस कपाळाला चिकटलेले, हातात टॉवेल. पाणी हनुवटीवरून गळत होतं, पण टॉवेल कोरडाच होता. पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

"तू... बाहेर कसा? मी कडी लावलीय."

"ख्हं. तुम्हीच काढलीत मघाशी. विसरलात. आत कुणी नाही, बाबा. नुसता आवाज आहे तो."

"मांजराला दार कशाला?" मी विचारलं.

तो माझ्याकडं पाहत राहिला. छान, स्वस्थ, झोप झालेल्या डोळ्यांनी.

"कुठलं मांजर?"

आतून म्याँव आलं. एकदाच. हसत नव्हतं ते.

तुम्ही काय केलं असतं? सांगा ना. डोळ्यांपुढं पोटचा पोरगा उभा, हाडामासाचा, हनुवटीवरून पाणी गळतंय. आणि दारामागं नुसता आवाज. आवाज कुणीही काढतं हो. मीच नाही का जन्मभर काढले? शिडीवरून हाका मारून किती बायकांना फसवलं. दारामागून आलेल्या आवाजावर विश्वास ठेवू नये, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून मी डोळ्यांवर विश्वास ठेवला. हात कडीवर तसाच, आणि मी उभा राहिलो. आतून नखं फिरल्यासारखं झालं, दाराच्या खालच्या अंगाला, मांजर मागतं तसं. मग तेही थांबलं.

थांबल्यावर मी कडी काढली.

८

खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची मागं सरकलेली. बसायची गादी हातानं चाचपली, ऊबदार होती. टेबलावर कानाला लावायचं ते यंत्र पडलेलं, त्यातून बारीक आवाज येत होते. मी पाऊल आपटलं.

या वेळी घुमलं.

यंत्र उचलून कानाला लावलं. पहिल्यांदाच. आजवर मला फक्त गोडबोल्या नीट ऐकू यायचा, बाकीचे लांबून कुजबुजल्यासारखे. आता सगळे स्वच्छ.

"टेबल तीन?"

एक बाई बोलली. "ख्हं. आहे सर."

"टेबल चार?"

जाड आवाजाचा कुणी पुरुष. "ख्हं. आहे सर."

"टेबल सहा?"

कोवळा आवाज, नुकतीच नोकरीला लागली असेल पोरगी. "ख्हं. बघतो सर." बघतो म्हणाली हो ती. बघते नाही.

माझं खाकरणं. माझ्या गळ्यातलं. कुठल्या कुठल्या घरांत, कसल्या कसल्या कोपऱ्यांत, कुणाकुणाच्या तोंडी जाऊन बसलेलं.

"टेबल नऊ?"

मी यंत्र कानावर घट्ट दाबलं. कानातल्या यंत्रात काहीच आलं नाही. उत्तर माझ्या पाठीमागून आलं, दारातून, बिनयंत्राचं.

"ख्हं. आहे सर."

आणि तिकडं गोडबोल्याला ते ऐकू गेलं. "छान," तो म्हणाला.

९

संध्याकाळी सूनबाईला विचारलं, तू मधेच येऊन कडी काढली होतीस का? ती म्हणाली, "मी कशी येईन, बाबा? तुम्हीच काढली असेल." डॉक्टरकडं नेलं त्याला. मी सांगितलं, याला लहानपणचं आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, फार ताण पडला की माणूस विसरतो, आजोबा, येईल हळूहळू. बाकी तब्येत उत्तम आहे. खरंच उत्तम आहे. ऑफिसनं त्याला घरून काम करणाऱ्यांत सगळ्यात चांगला ठरवलं. वेळेवर उठतो, वेळेवर झोपतो. कशाला नाही म्हणत नाही. पत्त्यात मी डोळ्यांदेखत लबाडी करतो, धरत नाही.

सूनबाई खूश होती. काही दिवस. मग तिनं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. म्हणाली, आत पंख्याचं वारं लागत नाही. एकदा भांडी लावताना ती पाठमोरीच म्हणाली, "बाबा, हा झोपेत कूस बदलत नाही हो." मी म्हटलं, दमतो बिचारा. ती म्हणाली, "नाही. दमत नाही."

बाकी लबाडी सुटत नाही, पण नकला मी सोडल्या. परवा या टपरीवाल्यानं आग्रह केला, आजोबा, एखादा आवाज काढा. तोंड उघडलं आणि परत मिटलं. कुठं जाऊन बसेल, काय सांगावं.

चहा तुम्ही हरलात, ते असू द्या. साखर पुढं घालायला सांगा.

मागच्या महिन्यात गवंडी बोलावला. म्हटलं, अडगळीच्या खोलीला खिडकी पाड. भिंतीवर हात ठेवून तो म्हणाला, "आजोबा, पलीकडं दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. वीतभर फट आहे मधे. ना उजेड येणार, ना वारा." म्हटलं, उजेड नको. खालच्या अंगाला पाड. मांजर जाईल एवढी.

"मांजर पाळलंय का?"

"होतं," मी म्हटलं.

खिडकी झाली. दुपारी चिरंजीव लॅपटॉपपुढून जेवायला उठला, की मी आत जाऊन त्या खिडकीपाशी खाली बसतो. गुडघे दुखतात, पण बसतो. फटीत तोंड घालून आपला साधा आवाज लावतो, न खाकरता, आणि म्याँव करतो. मग कान लावून थांबतो.

काल असाच थांबलो होतो. फटीतून काही आलं नाही. मागं दारात मात्र तो येऊन उभा राहिला, हात धुऊन, वेळेवर.

"ख्हं. काही हवंय का, बाबा? बघतो."